टेप बघून लेक मागे सरकली

2024 ची दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती आणि मशीनशेजारी कापडांचा ढीग लागला होता. सांगलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी सोळा वर्षं शिवणकाम करते. दिवाळीच्या तोंडावर मला जेवायला उसंत नसते, पण लेकीचा ड्रेस मी सगळ्यांच्या आधी बेतते. तो शिवून झाला की बाकीच्या कामाला हुरूप येतो.

त्या संध्याकाळी गळ्यात टेप होताच. तिला हाक मारली, "ये गं, दोन मिनिटं उभी राहा." ती दारात आली, टेप बघितला आणि मागे सरकली.

"तुझ्या अंदाजाने शिव ना. सैलच शिव."

"मागच्या वर्षीचं माप कसं चालेल? वाढतं अंग आहे तुझं."

तिचा चेहरा एकदम उतरला. आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बोलले त्यात मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. रोज दहा बायकांशी मी तसंच बोलते.

तेव्हा ती चौदाची होती, नववीत. त्या प्रसंगानंतर मी तिच्याकडे नीट बघायला लागले, तेव्हा एकेक गोष्ट दिसू लागली. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगात जॅकेट. डब्यातल्या तीन पोळ्यांपैकी दोन परत येत होत्या. नवरात्रात गल्लीतल्या मुलींचा फोटो काढला, त्यात ती सगळ्यांच्या मागे, नुसतं कपाळ दिसेल अशी. मोरीतल्या आरशासमोर पोट आत ओढून उभी राहिलेली मी तिला दोनदा पाहिली. ही सगळी लक्षणं महिना-दोन महिने माझ्या घरात वावरत होती आणि मी दुसऱ्यांच्या मापात बुडालेली होते.

भाऊबीजेला ठिणगी पडली. ओवाळून झाल्यावर भावाबरोबर फोटो काढायचा होता. तिने तीस-चाळीस फोटो काढायला लावले, एकेक पाहून पुसून टाकला आणि शेवटी ताटाशेजारी बसून रडायला लागली. "मी कशातच चांगली दिसत नाही." पाहुणे बसलेले. मला राग आला. तिच्या हातातून फोन ओढून घेतला, कपाटात साड्यांखाली ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाले, "आता महिनाभर याचं तोंड बघायचं नाही."

फोन काढून घेतला की दुखणं जाईल, असं मला मनापासून वाटत होतं. आठ-दहा दिवस घर शांत झालं. ती शाळेतून यायची, जेवले म्हणायची, झोपायची. त्या शांततेला मी सुधारणा समजले. प्रत्यक्षात ती मैत्रिणीच्या फोनवर सगळं बघतच होती, फक्त मला काही सांगणं तिने सोडून दिलं होतं. नोव्हेंबर संपता संपता शाळेतून फोन आला, प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 9.4 निघालं. त्यांनी तिला शांतपणे विचारलं, "दुपारी काय खातेस?" ती गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दुपारचं सोडलंय." किती दिवस झाले? "गणपतीपासून."

म्हणजे जवळजवळ तीन महिने. डबा मी भरत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दवाखान्यात भिंतीवर 14416 हा नंबर पाहिला होता. केंद्र सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. रात्री अकराला मशीनच्या खोलीत दिवा न लावता मी फोन लावला. "मुलीचं काय चुकतंय" हे सांगायला फोन केला होता, पण पाच मिनिटांत मीच रडत होते. पलीकडच्या माणसाने मला एकही उपदेश केला नाही. ऐकून घेतलं, ती स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलते का हे सरळ विचारलं, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशकाला भेटा, रक्ताच्या गोळ्या चालू ठेवा, फोन शिक्षा म्हणून अडकवून ठेवू नका, असं सांगितलं. आपल्याकडे अजून पुष्कळ लोक असा फोन करायला लाजतात. दात दुखला तर रात्रीत लवंग शोधतो आपण. इथे मात्र महिनोन् महिने थांबतो.

समुपदेशक ताई आधी तिच्याशी एकटीशी बोलल्या. मी बाहेर बाकावर. मग मला आत बोलावलं आणि त्यांनी विचारलं, "घरात हिच्या अंगाबद्दल, रंगाबद्दल कोण काय बोलतं?" मी म्हणाले, कुणीच नाही. त्यांनी ते मान्यही केलं नाही आणि खोडलंही नाही. एवढंच म्हणाल्या, "आठ दिवस ऐका आणि लिहून ठेवा. तिच्याबद्दलच नव्हे, घरात कुणाच्याही अंगाबद्दल जे बोललं जाईल ते."

माझ्या मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागले. सासूबाई: "उन्हात हिंडू नको, काळवंडशील." नणंद, व्हिडिओ कॉलवर: "गालफडं चांगली भरलीत की." हे हळदीच्या अडत दुकानातून आले की लाडाने हाक मारतात, "काय पैलवान!" आमच्या भागात पैलवान म्हणणं म्हणजे कौतुकच, ती लहान असताना या हाकेवर धावत यायची. आणि मी? माझीच पानं सगळ्यात जास्त भरली. माप घेताना आकडा मोठ्याने म्हणायची माझी सवय. "कंबर छत्तीस. वहिनी, दिवाळीचा फराळ आधीच झाला वाटतं!" "मुंढा वाढवावा लागणार." आणि समोरची बाई दर वेळी ओशाळून म्हणणार, "हो ना गं, कमी करायचंय." खोलीच्या कोपऱ्यात स्टूल आहे. बालवाडीपासून लेक त्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. आलेली प्रत्येक बाई आपल्या शरीराची माफी मागते, हे तिने दहा वर्षं ऐकलं होतं.

फोनमुळे सगळं बिघडलं असं म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचं आहे. बी आमच्या घरातलं होतं. त्याला पाणी मात्र फोनने घातलं, तेही बारा महिने, रात्रंदिवस.

तिसऱ्या भेटीत मूळ जखम कळली. ताईंनी तिच्या परवानगीने मला सांगितलं, ती खाली मान घालून शेजारी बसली होती. जुलैमध्ये मी एक घागरा शिवला होता, मोरपंखी रंगाचा, काठाला गोटा लावलेला. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी लेकीला घालायला लावून फोटो काढला आणि माझ्या कामाच्या पानावर टाकला. तिला विचारलं नव्हतं. माझीच लेक, विचारायचं काय? फोटोखाली एका ओळखीच्या बाईंनी लिहिलं होतं, "घागरा सुंदर, पण बारीक मुलीवर जास्त उठून दिसला असता." आणि त्याखाली मी हात जोडलेलं चित्र टाकून "धन्यवाद ताई" असं उत्तर दिलं होतं.

मला ते आठवतही नव्हतं. दिवसाला पंधरा जणींना मी तसे धन्यवाद देते. तिने मात्र ते उत्तर किती वेळा वाचलं असेल! त्या बाई तिला बारीक नाही म्हणाल्या याचं दुःख होतंच, पण "आईने त्यांना धन्यवाद म्हटलं" हे तिच्या आत रुतून बसलं होतं. तिथेच, ताईंच्या समोर, मी तिची माफी मागितली. "माझं चुकलं. तुला विचारायला हवं होतं आणि त्या बाईंना तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं." ती काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर मात्र तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. घरी येऊन तो फोटो तिनेच पुसला. तेव्हापासून माझ्या कामाच्या पानावर फक्त पुतळ्यावर चढवलेले कपडे असतात.

फोन परत दिला. एकदम नाही आणि सूचनांची यादी वाचूनही नाही. ताई म्हणाल्या होत्या, तिच्याकडून शिकून घ्या. एका रविवारी आम्ही दोघी दोन फोन घेऊन चटईवर बसलो. माझ्या फोनवर एकामागून एक काय येत होतं? ब्लाऊजचे गळे, बाह्या, झणझणीत मिसळ, कीर्तन. तिच्या फोनवर सपाट पोटं, गोरं करणारी मलमं, "सात दिवसांत मांड्या कमी करा", धारदार हनुवटीचे व्यायाम. "तू हे शोधलंस का?" मी विचारलं. ती म्हणाली, "एकदाच. तो घागऱ्याचा फोटो आला त्या रात्री. मग ते येतच राहिलं." तिनेच मला समजावलं की नुसता अंगठा थांबला तरी त्याला कळतं. एखाद्या चित्रावर आपण दोन क्षण जास्त रेंगाळलो की त्याच जातीची आणखी दहा चित्रं हजर. पोरगी जिथे दुखावली जाऊन थांबत होती, तिथलंच तिला पुन्हा पुन्हा दाखवलं जात होतं.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. 2021 मध्ये फेसबुक कंपनीतली अंतर्गत कागदपत्रं फ्रान्सेस हॉगेन या तिथल्याच माजी कर्मचारी बाईंनी बाहेर आणली. त्यांत कंपनीच्याच संशोधकांनी लिहून ठेवलेलं होतं की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या बाबतीत शरीराबद्दलची नाराजी इन्स्टाग्राममुळे वाढते. अमेरिकेचे त्या वेळचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी मे 2023 मध्ये सूचनापत्र काढलं. दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य, चिंता अशा तक्रारींचा धोका दुप्पट दिसतो, असं त्यात आहे. मी तिच्या फोनमधला रोजचा वेळ पाहिला: चार तास दहा मिनिटं. मग माझा पाहिला: तीन तास वीस. तिला बोलायच्या आधी तो आकडा मी तिला दाखवला.

पण मला वाटतं, तिला सगळ्यात जास्त पटलं ते मारुती रोडवर. एका रेडिमेड दुकानासमोर काचेत पुतळ्याला पंजाबी ड्रेस घातलेला होता, कंबरेत अगदी बेतून बसलेला. ती बघतच राहिली. मी दुकानदाराला विचारून तिला काचेच्या आत नेलं आणि पुतळ्याची पाठ दाखवली. पाठीवर कापड चिमटीत धरून ओळीने आठ टाचण्या आणि खाली दोन चाप लावलेले. समोरून जो बेत दिसत होता तो सगळा पाठीमागच्या टाचण्यांचा होता. "प्रत्येक दुकानात असंच असतं," मी म्हणाले, "फोटोसाठी उभ्या राहिलेल्या मॉडेलच्या पाठीवरही टाचण्या मारतात. तू रीलमध्ये बघतेस त्यांच्याही." तिने एक टाचणी बोटाने दाबून पाहिली. परत येताना बसमध्ये ती स्वतःहून मला फिल्टर कसे लावतात ते दाखवत होती. गाल कसा आत जातो, नाक कसं बारीक होतं, रंग कसा दोन छटा उजळतो. माझ्या चेहऱ्याला लावून दाखवलं. पडद्यावर कुणी दुसरीच बाई होती. मला तो पाहून वाईट वाटलं, आणि मी त्रेचाळीस वर्षांची आहे. चौदाव्या वर्षी काय होत असेल!

सेटिंगची कामं त्या मानाने सोपी. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी 2025 मध्ये भारतात किशोरवयीन मुलांसाठी वेगळ्या प्रकारची खाती आणली. खातं आपोआप खासगी राहतं, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद, तासाभरानंतर आठवण, आणि सोळाच्या आतल्या मुलांना हे सैल करायचं तर पालकांची परवानगी. पण यासाठी मुलांनी जन्मतारीख खरी घातलेली असावी लागते. माझ्या लेकीने तेराव्या वर्षी खातं उघडताना अठरा सांगितलं होतं. ते तिने स्वतः दुरुस्त केलं, मी शेजारी बसले. किती जणांनी पसंत केलं तो आकडा लपवला. नको असलेल्या व्हिडिओवर "यात रस नाही" दाबण्याचा आम्ही आठवडाभर नेमच केला. पंधरा दिवसांनी तिच्या फोनवर मेंदीची नक्षी आणि मांजरं दिसायला लागली. पोटं पूर्ण गेली नाहीत, अजून अधूनमधून येतात.

रात्री फोन झोपायच्या खोलीत नाही, हे मात्र आम्ही मोठ्यांनी आधी पाळलं. कल्पना माझ्या एका गिऱ्हाइकामुळे सुचली. त्यांचं माहेर कडेगाव तालुक्यात. तिथल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास अख्खं गाव मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवतं. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलत बसतात. गावाला जमतं तर चार माणसांच्या घराला का जमू नये? आमच्याकडे भोंगा नाही. आठ वाजता सासूबाई देवापुढची घंटा वाजवतात आणि चारही फोन पितळेच्या परातीत जातात. ह्यांना सगळ्यात जड गेलं, अडतीचे फोन रात्रीच येतात. दोन व्यापारी रागावले. पण ह्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, सकाळी नऊनंतर लावा. बापाने आपल्यासाठी एवढं केलं, हे लेकीच्या नजरेतून सुटलं नाही. ते आता तिला पैलवानही म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात.

माझ्या खोलीतही बदल केला. माप घेताना आकडा तोंडाने म्हणायचा नाही. बघायचा आणि वहीत लिहायचा. सुरुवातीला बायकांना चुकल्यासारखं व्हायचं. "किती भरली गं कंबर?" मी म्हणते, "कापड तुमच्या मापाचं होईल, काळजी नको." एखादी स्वतःला नावं ठेवायला लागली तर मी विषय बदलते. आणि कोणी लेकीकडे बघून काही म्हटलंच, तर तिच्यासमोरच सांगते, "आमच्या घरात अंगावरून बोलत नाही." एकदोन गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. जून 2025 मध्ये दहावीचं वर्ष सुरू झालं आणि पंधरा दिवसांत वर्गातल्या कुणीतरी तिच्या हसऱ्या फोटोचं स्टिकर करून गटावर फिरवलं, खाली जाडेपणावरून एक शब्द. दोन दिवस तिने धड खाल्लं नाही. मला वाटलं, आपण पुन्हा पहिल्या पायरीवर आलो. पण या वेळी तिने त्याच रात्री मला उठवलं. परातीतून फोन काढला आणि दाखवला. मी ओरडले नाही, "तू कशाला फोटो टाकलास" असं विचारलं नाही. आम्ही स्क्रीनशॉट काढून ठेवला, सकाळी वर्गशिक्षिकांना दाखवला. त्यांनी दोन्ही घरच्यांना बोलावून बसवलं. ते स्टिकर करणारा मुलगाही रडला. त्याच्या आईचा चेहरा माझ्या लक्षात राहिला. एक वर्षापूर्वीची मीच समोर बसल्यासारखं वाटलं. तिलाही मी तो 14416 नंबर दिला.

गोळ्या आणि गूळ-शेंगदाण्यांनी हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं. डबा बहुतेक रिकामा येतो. ताईंकडे महिन्यातून एकदा जातो. फोनवरचा वेळ चार तासांवरून दीड तासावर आला आहे. परीक्षा जवळ आली म्हणूनही असेल. जॅकेट अजून कधीकधी दिसतं, मी त्याबद्दल बोलत नाही.

2025 च्या दिवाळीआधी मी तिला हाक मारली नाही. ड्रेसचं कापड मात्र टेबलावर ठेवलं होतं, तिनेच निवडलेलं, गर्द जांभळं. रात्री गिऱ्हाइकं गेल्यावर ती आली, माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि म्हणाली, "मी घेते, तू फक्त मागे धर." छाती, कंबर, घेर, बाहीची लांबी. आकडे तिने स्वतः वाचले, मनात. वहीत तिच्या नावाच्या पानावर 2023 च्या खाली एक ओळ रिकामी होती. ती ओळ सोडून तिने खालच्या ओळीत तारीख घातली आणि एकेक आकडा लिहिला. कंबरेपाशी पेन जरा थांबलं, मग तोही लिहिला.

वही मिटून ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आई, खिसे ठेव हं. दोन्ही बाजूंना. खोल."